पेनातली हवा

(पडदाभर कागद. दीड पान मजकूर. निब शेवटच्या ओळीवर थांबलेली.)

मजकूर संपत आलाय. खाली सही राहिली आहे, आणि तारीख. पुढचा शब्द आठवायला हात क्षणभर थांबतो. तेवढ्यात निबच्या पोटाशी काहीतरी निळं फुगतं, थरथरतं, आणि टपकन कागदावर येतं.

हा थेंब पहिल्यांदा पडला तेव्हा कॅमेरा नव्हता. एक अर्ज लिहीत होतो, आणि तो नेमका तारखेच्या जागेवर पडला. आज चित्रीकरणासाठी तोच थेंब पुन्हा पाडायला अख्खी दुपार गेली. गळू नये तेव्हा गळणारं पेन, गळ म्हटलं की गळत नाही.

त्या दिवशी मी पेनाला शिव्या घातल्या आणि ते ड्रॉवरच्या तळाशी टाकून दिलं. स्वस्तातलं पेन, गळणारच, असं वाटलं. पुढे बऱ्याच दिवसांनी ते सहज उघडून पाहिलं. त्यात मोडलेलं, तडकलेलं असं काहीच नव्हतं. त्या दुपारी त्यात शाई कमी आणि हवा जास्त होती, एवढंच.

(दोन हात. पेन फिरवून उघडलं जातं.)

ड्रॉपरने शाई भरायचं पेन. उघडून ठेवलं की टेबलावर मोजकीच माणसं येतात. टोपण. बोटांनी धरायचा पुढचा भाग, त्याला आपण पकड म्हणू. पकडीत घुसवलेली निब आणि निबखालची जीभ. आणि मागची टाकी, म्हणजे पेनाचा दांडाच. दांड्याच्या आत दुसरं भांडं नाही. कार्ट्रिज, म्हणजे शाईची तयार भरलेली नळी, नाही. कन्व्हर्टर, म्हणजे शाई ओढून घेणारी सुटी नळी, नाही. शाई खेचणारा पिस्टन नाही, रबरी पिशवी नाही. दांडा पोकळ आहे आणि त्या पोकळीत शाई आहे.

ते स्वस्त असतं ते यामुळेच. बनवायला कमी, मोडायला त्याहून कमी. आणि मावते भरपूर. छोट्या कार्ट्रिजमध्ये साधारण ०.८ मिलिलिटर शाई बसते, कन्व्हर्टरमध्येही बहुतेक वेळा १ मिलिलिटरच्या आतच. या पोकळ दांड्यात २ ते ४ मिलिलिटर सहज. रोज पानंच्या पानं लिहिणाऱ्याला हा फरक दौतीकडे किती वेळा उठावं लागतं त्यावरून कळतो.

(ड्रॉपर दौतीत बुडतो. आवाज फक्त काचेचा.)

भरण्याचं काम घाईत करू नये. टाकी उभी धरायची, आट्यांचं तोंड वर. ड्रॉपरचा फुगा दाबून टोक शाईत बुडवायचं, मग फुगा सोडायचा. शाई वर चढते. ड्रॉपरचं टोक टाकीच्या आतल्या भिंतीला टेकवून हळूच दाबलं की शाई भिंतीवरून घरंगळत खाली उतरते, फेस होत नाही, बुडबुडे अडकत नाहीत. मधोमध धार सोडली तर तोंडाशी एक बुडबुडा टोपीसारखा बसतो आणि टाकी भरली असं वाटतं. भरलेली नसते.

आट्यांच्या खालपर्यंतच भरायची. काठोकाठ भरली तर पकड फिरवून बसवताना शाईला जायला जागा उरत नाही, आणि मग ती बोटांवर येते. नंतर आट्यांवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात. पातळ म्हणजे बोटाला नुसता चिकटपणा लागेल इतका. जाड थापलेलं ग्रीस आत जाऊन जिभेच्या खाचेत बसतं आणि पेन लिहीत नाही. हा उद्योग मी करून पाहिलाय. काही पेनांत आट्यांशी रबरी रिंग असते, तिथे व्हॅसलीन लावू नये. खनिज तेलाच्या पदार्थांनी रबर फुगतं, ढिलं पडतं.

(निबचं टोक. चीर स्पष्ट दिसते. तिच्यातून शाई सरकते.)

आता मजा आहे ती इथे. टाकी मागे फक्त बंद आहे, पुढे जिभेची वाट उघडी आहे, आणि पेन उलटं धरलंय. तरी शाई धो धो वाहत नाही. का?

जिभेच्या पाठीवर, निबच्या खालच्या बाजूला, एक बारीक खाच असते. त्या खाचेतून शाई पुढे येते आणि निबच्या चिरेत शिरते. चीर टोकाकडे निमुळती होत जाते, आणि फट जितकी अरुंद तितकी ती शाईला जोरात ओढते. टोक कागदाला लागलं की कागदाचे तंतू तिला आणखी पुढे ओढतात. म्हणून लिहिताना निब दाबायची गरजच नसते. बॉलपेनची सवय असलेला माणूस पहिले आठ दिवस उगाच जोर लावतो, निबचे दोन पाय फाकवतो, आणि मग पेन जाड लिहितं म्हणून तक्रार करतो.

पण शाई बाहेर गेली की टाकीत पोकळी तयार होते, आतला दाब किंचित उतरतो, आणि शाई जागच्या जागी अडते. ती पुन्हा चालू व्हायची तर जिभेच्याच वाटेने हवेचा एक बुडबुडा आत यावा लागतो. पारदर्शक दांड्याचं पेन असेल तर तो दिसतोही. बघा, एक छोटा मणी सुटला आणि वर गेला. शाई बाहेर, हवा आत. पेन लिहितं म्हणजे ही देवाणघेवाण चालू असते.

(संग्रहातली जुनी पेनं, काळ्या एबोनाइटची.)

ही देवाणघेवाण जमवायला माणसाला बरीच वर्षं लागली. शाई पोटात बाळगणाऱ्या लेखणीचं फ्रेंच पेटंट पॅरिसमध्ये शिकणाऱ्या पेत्राके पोएनारू या रोमानियन विद्यार्थ्याने १८२७ साली घेतलं. त्याच्या लेखणीत शाई साठवायला हंसाचं पीस होतं. कल्पना चांगली होती. पण शाई साठवणं सोपं, ती मापात सोडणं कठीण. ते नीट साधलेल्या सुरुवातीच्या पेनांपैकी एक न्यूयॉर्कमधलं. लुईस एडसन वॉटरमन यांनी १८८४ साली पेटंट घेतलं, त्यातल्या जिभेच्या खाचेत आणखी बारीक चिरा होत्या. विम्याच्या करारावर शाई सांडली, गिऱ्हाईक गेलं, आणि चिडून वॉटरमन यांनी नवं पेन बनवलं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पेनांचा इतिहास खणणारे तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. जाहिरातीला मात्र ती फार शोभते.

वॉटरमनची ती पहिली पेनं ड्रॉपरनेच भरायची होती. दांडे एबोनाइटचे, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. नेल्सन गुडइयर यांनी १८५१ साली त्याचं पेटंट घेतलं होतं. एबोनाइटला शाई खात नाही, आणि जिभेसाठी तर ते उत्तमच, कारण शाई त्याच्यावर नीट पसरते. मग सोयीचा जमाना आला. वॉल्टर शेफर या आयोवातल्या जवाहिऱ्याने १९०८ साली तरफेचं पेटंट घेतलं. दांड्यावरची पट्टी उचलली की आतली रबरी पिशवी दबते, सोडली की शाई पिते. ड्रॉपर नको, हात माखायला नकोत. लोक तिकडे वळले यात नवल नाही. पण ती पिशवी कमी शाई घेते आणि काही वर्षांनी वाळून तडकते. शंभर वर्षांपूर्वीचं तरफेचं पेन आज बहुधा दुरुस्तीला द्यावं लागतं. त्याच वयाचं ड्रॉपरचं पेन पुष्कळदा धुऊन, आटे ग्रीस करून लिहायला घेता येतं.

सगळ्यांनी मात्र ते सोडलं नाही. जपानी कारागिरांनी टाकीच्या मधून एक दांडी घातली आणि टोकाला झडप बसवली. मागची कळ थोडी सैल केली की शाईची वाट उघडी, घट्ट केली की बंद. खिशात असताना गळायचा प्रश्नच नाही. भारतात लेथवर हाताने घडवलेली एबोनाइटची ड्रॉपर पेनं आजही बनतात. आणि प्लॅटिनम या जपानी कंपनीच्या प्रेपीसारखं मुळात कार्ट्रिजचं असलेलं स्वस्त पेन रिंग आणि ग्रीस लावून ड्रॉपरचं करणारे हौशी लोक तर जगभर आहेत.

(पुन्हा पहिलं दृश्य, संथ गतीत. थेंब फुगतो आहे.)

मग हा थेंब?

टाकीतली शाई संपत जाते तशी तिची जागा हवा घेते. लिहिताना ही हवा वर, दांड्याच्या मागच्या टोकाला असते, आणि शाई तिच्या खाली. हाताची ऊब दांड्यातून आत जाते. हवा तापली की फुगते. फुगायला दुसरीकडे कुठे वाव नाही, म्हणून ती खालच्या शाईला ढकलते.

हिशोब करून बघू. टाकीत २ मिलिलिटर हवा आहे आणि ती २० अंशांवरून ३० अंशांवर गेली. तापण्यानेच ती सुमारे ०.०७ मिलिलिटर वाढते. त्यात शाईतल्या पाण्याची वाफ मिसळते, की हा फुगवटा ०.१ च्या घरात जातो. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटरचा असतो. म्हणजे नुसत्या हाताच्या उबेने दोन थेंब बाहेर यायला निघाले. आता हीच टाकी नुकती भरलेली असेल आणि आत ०.२ मिलिलिटरच हवा असेल, तर हा आकडा दहापट लहान होतो. तेवढी शाई जिभेवरच्या कंगव्यासारख्या खाचा आरामात सांभाळतात. त्या खाचा शोभेच्या नाहीत. अचानक आलेली जास्तीची शाई तिथे थोडा वेळ थांबते.

पेन ओकतं ते टाकी रिकामी होत आल्यावर, ते का, हे यातून कळतं. कन्व्हर्टरच्या पेनातही हवा असते, पण ती थोडी असते आणि हातापासून एक भिंत जास्त दूर असते. धातूच्या दांड्यात शाई थेट भरू नये ती यासाठीही, कारण धातू ऊब पटकन आत नेतो. शिवाय बऱ्याच धातूंना शाई खाते.

विमानात तर ऊबही लागत नाही. उंचावर केबिनमधला दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो, आणि २ मिलिलिटर हवेला जवळजवळ पावणेतीन मिलिलिटर व्हावंसं वाटतं. पेन एकतर पूर्ण भरून न्या, नाहीतर पूर्ण रिकामं. आणि निब वर. निब वर असली की जिभेपाशी हवाच असते, ती गुपचूप निघून जाते.

ही शेवटची गोष्ट टेबलावरही चालते. टाकी अर्ध्याखाली आली असेल तर लिहायच्या आधी पेन मुठीत धरून, निब वर ठेवून, एक-दोन मिनिटं बसायचं. फुगायची ती हवा फुगून बाहेर जाते. मग टीपकागदावर निब टेकवायची आणि लिहायला लागायचं. बघणाऱ्याला वाटतं, काय लिहावं याचा विचार चाललाय. असू दे.

(नळाखाली निब. निळं पाणी फिकट होत जातं.)

नवं स्वस्त पेन आणलं की आधी धुवा. जिभेवर कारखान्यातलं तेल राहिलेलं असतं आणि पेन अडखळत लिहितं. साधं पाणी, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, पुन्हा पाणी. गरम पाणी नको, एबोनाइटचा रंग उडतो आणि आकारही बिघडतो. शाई फाउंटन पेनचीच, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची. चित्रकाराच्या काळ्या शाईत लाख असते, ती वाळली की जीभ कायमची मुकी. आणि घेण्याआधी दांड्याच्या टोकाला भोक तर नाही ना, हे प्रकाशात धरून बघा. काही पेनांना मुद्दाम भोक ठेवलेलं असतं. त्यात शाई भरली तर काय होईल, ते मी चित्रित केलेलं नाही.

(टेबल. डाग पडलेला अर्ज बाजूला. समोर कोरा कागद.)

टाकी प्रकाशात धरली. चौथा भाग उरलाय. पूर्वी म्हणालो असतो, संपू दे, मग भरू. आता तेवढ्यावरच भरतो. पकड सोडवली, ड्रॉपर भिंतीला टेकवला. आट्यांच्या खाली थांबलो. पुसलं, फिरवून बसवलं.

अर्ज पुन्हा लिहायचाय. या वेळी तारीख आधी घालतो.