चीज मुळात नव्हतंच

मंडळी, आज आपण व्हीगन, म्हणजे दूध-लोण्यासकट प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेला पिझ्झा करतोय. मघाशी एका काकूंनी विचारलं, "चीज नाही, तर त्याला पिझ्झा कशाला म्हणायचं?" प्रश्न रास्त आहे. म्हणून परात पुढे ओढण्याआधी तेवढं सांगते.

पिझ्झाचं माहेर इटलीतलं नेपल्स. तिथल्या पिझ्झाच्या परंपरागत पद्धतीला युरोपीय संघाने २०१० साली संरक्षण दिलं, तेव्हा त्यात दोनच प्रकार धरले: मार्गेरिटा आणि मारिनारा. मारिनारावर काय असतं? टोमॅटो, लसूण, ओरेगॅनो, ऑलिव्ह तेल आणि मीठ, बस्स. चीजचा कणही नाही. मारिनारो म्हणजे खलाशी, आणि हा पिझ्झा खलाशांचा म्हणून ओळखला जातो. 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये निघाला १९४४ साली. हा पिझ्झा त्याच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे चीजच्या जागी काय घालायचं, या काळजीत पडूच नका. काजू वाटून, खोबरेल तेल गोठवून चीजसारखं काहीतरी करण्यात जो वेळ जातो, तो मी पिठाला आणि टोमॅटोला देते.

आता पीठ. पाव किलो मैदा, चहाचा एक चमचा इन्स्टंट यीस्ट, तेवढंच मीठ, एक मोठा चमचा तेल आणि साधारण दीडशे मिली कोमट पाणी. कोमट म्हणजे बोट बुडवून दहा अंक मोजता आले पाहिजेत. चटका बसणाऱ्या पाण्यात यीस्ट मरतं आणि मग तासभर वाट पाहूनही गोळा तसाच बसून राहतो. कणीक सैल होईल, हाताला चिकटेल. घाबरून वरून मैदा भुरभुरू नका. तळहाताच्या टाचेने आठ-दहा मिनिटं तिंबत राहा, चिकटपणा आपोआप जातो. हा बघा गोळा: बोटाने दाबला की खळगा हळूहळू भरून येतो. असा झाला की झाकून ठेवायचा. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, थंडीत पाऊण-एक तास द्या. विकतचे बेस आणणार असाल तर पाकीट वाचून घ्या, काहींत दूध पावडर असते.

पीठ फुगतंय तोवर टोमॅटो. नेपल्सला तो कच्चाच कुस्करून घालतात, कारण त्यांची भट्टी ४८५ अंशांना तापलेली असते आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत बाहेर येतो. आपल्या तव्यावर वरून आच नसते, तिथे कच्चा रस कच्चाच राहील. म्हणून चार लालबुंद, पिकलेले टोमॅटो किसणीवर किसा. साल हातात उरते. आपल्या संकरित टोमॅटोंना पाणी फार सुटतं, तेव्हा किसाला मीठ लावून दहा मिनिटं चाळणीत ठेवा. मग तेलात पाच-सहा पाकळ्या लसणाचे पातळ काप सोनेरी होईतो परता. तपकिरी झाले की कडू लागतात. ते बाजूला काढून त्याच तेलात हा कीस आटवा, कालथ्याने रेघ ओढली तर ती लगेच मिटता कामा नये.

ओरेगॅनो नसेल तर? कुंडीत पानओवा असतो ना, तोच, अगदी एक पान बारीक चिरून. दोघांच्या वासात बरंच साम्य आहे. जास्त घातलात तर मात्र भजीची आठवण येईल.

भाजण्यासाठी मी ओव्हनपेक्षा जाड लोखंडी तवा पसंत करते. घरचा ओव्हन २५० अंशांच्या आसपास थांबतो, त्यात पातळ पोळी वाळून खारीसारखी होते. पिठाचे दोन गोळे करा. लाटणं नको, भाकरीसारखं बोटांनी मधून बाहेर थापा आणि कडेची बोटभर जागा अजिबात दाबू नका. तिथली हवा राहिली तरच काठ फुगतो. तव्यावर पाण्याचा थेंब नाचायला लागला की पोळी टाका. वर फोड येतील, खाली काळपट ठिपके पडतील. आता उलटा, आणि त्या ठिपक्यांच्या बाजूवर रस, लसूण, ओरेगॅनो. आच मंद, झाकण घट्ट, तीन-चार मिनिटं. उतरवल्यावर वरून कच्चं ऑलिव्ह तेल सोडायचं, हात आखडता घेऊ नका. चीजचा स्निग्धपणा इथे या तेलानेच येतो.

गोळा दुप्पट झालाय, तवाही तापलाय. काकू, पहिला तुम्हीच थापा.