आधी जहाज, मग फी

(रत्नागिरी जिल्ह्यात बारावी विज्ञानाच्या मुलामुलींसमोर आणि त्यांच्या पालकांसमोर मर्चंट नेव्हीतल्या एका निवृत्त कॅप्टननी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार. बोटीवरची नोकरी आपल्या किनाऱ्याला नवी नाही. इथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरात कुणाचे आजोबा सारंग होते, कुणाचे सुकाणी, कुणाचे भंडारी. सुकाण आपल्या माणसाच्या हातात असायचं, पण हुकूम साहेबाचा. १९२७ साली मुंबई बंदरात ‘डफरिन’ हे प्रशिक्षण जहाज सुरू झालं, तेव्हा आपल्या पोरांना अधिकारी होण्याची वाट मोकळी झाली. पुढे ‘राजेंद्र’ आलं, मग नेरूळचं ‘चाणक्य’. आज मी बोलणार आहे ते हुकूम देणाऱ्याच्या, म्हणजे जहाज चालवणाऱ्या डेक ऑफिसरच्या नोकरीबद्दल.

तुम्ही जाहिराती वाचून आला आहात, हे मला ठाऊक आहे. ‘जगात अधिकाऱ्यांचा तुटवडा’ हे वाक्य प्रत्येक जाहिरातीत असतं, आणि ते खोटं नाही. ‘बिम्को’ आणि ‘इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग’ या जहाजमालकांच्या संघटनांच्या २०२१ च्या अहवालात म्हटलं होतं, की २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील. पण हा तुटवडा कुणाचा? हातात अधिकारीपदाचं सर्टिफिकेट असलेल्यांचा. सर्टिफिकेटसाठी समुद्रावरचे महिने लागतात. ते महिने भरायला जहाजावर कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी, म्हणून जागा लागते, आणि घोडं अडतं ते नेमकं तिथे. कोर्स पास झालेला मुलगा वर्ष-वर्ष घरी बसून एजंटांचे उंबरठे झिजवतोय आणि त्याच वेळी कंपन्या सेकंड मेट, म्हणजे सर्टिफिकेटवाला कनिष्ठ अधिकारी, मिळत नाही म्हणून ओरडताहेत, हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

कंपनी जास्त कॅडेट का घेत नाही? जहाजावर केबिन मोजक्या असतात. लाइफबोटीत किती माणसं बसणार, हे जहाजाच्या सुरक्षा सर्टिफिकेटवर लिहिलेलं असतं, त्यापेक्षा एक माणूस जास्त नेता येत नाही. शिवाय कॅडेटचं विमान, जेवण, विमा, विद्यावेतन, सगळा खर्च मालकाचा. म्हणून मालक आपल्याला पुढे लागतील तेवढीच मुलं घेतो. बाकीच्यांची जबाबदारी कुणाचीच नाही.

तेव्हा पालकहो, क्रम उलटा करा. आधी जहाज ठरवा, मग फी भरा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्समध्ये मिळून ६० टक्के हवेत, इंग्रजीतही ठरावीक गुण हवेत, आणि इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची सीईटी द्यायची. त्यानंतर मुख्यतः दोन रस्ते. एक वर्षाचा डिप्लोमा, म्हणजे डीएनएस, आणि त्यावर १८ महिने समुद्रावर. किंवा तीन वर्षांची बीएस्सी नॉटिकल सायन्स आणि त्यावर १२ महिने. डीएनएसला जाताना कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र हातात घेऊनच जा. कॉलेजात ‘आमचं प्लेसमेंट शंभर टक्के’ असं सांगितलं, तर एकच प्रश्न विचारा: दोन वर्षांपूर्वीच्या बॅचमधली किती मुलं आज जहाजावर आहेत, आणि कुठल्या कंपनीच्या? उत्तर तोंडी मिळालं तर त्या बॅचमधल्या दोघांचे नंबर मागा आणि घरी येऊन फोन करा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली, तर समजून जा.

एजंटांबद्दलही एकदा स्पष्ट सांगतो. नोकरी लावणाऱ्या संस्थेकडे आरपीएसएल, म्हणजे भरतीचा परवाना लागतो. तो नौवहन महासंचालनालय देतं आणि परवानाधारकांची यादी त्यांच्या वेबसाइटवर असते. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून किंवा अधिकाऱ्याकडून पैसे घेणं बेकायदा आहे. थोडे घेणं नव्हे, एक रुपयाही घेणं. तरीही कोकणातली माणसं जमिनीचा तुकडा विकून पाच-सहा लाख मोजतात. ‘भारतीय सीडीसीला (खलाशाच्या नोंदवहीला) वेळ लागतो, दुसऱ्या देशाची काढून देतो’ म्हणणारा भेटला, की उठून चालायला लागा. आखातातल्या कुठल्यातरी जुनाट, छोट्या बोटीवर मुलगा पोचतो, पगार थकतो, आणि परत आल्यावर कळतं की तिथले महिने आपल्या परीक्षेसाठी मोजलेच जात नाहीत.

आता डोळे. डेकला रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. प्रवेशाच्या वेळी चष्म्याचीही सूट नाही. इंजिनच्या बाजूला ठरावीक नंबरापर्यंत असते. मुलं दोन वर्षं क्लास लावतात, सीईटी काढतात आणि इशिहाराच्या ठिपक्यांच्या पुस्तकाशी येऊन थांबतात. तपासणी महासंचालनालयाच्या यादीवरच्या डॉक्टरकडून, आणि फॉर्म भरण्याआधी करून घ्या.

हा नियम एवढा कडक का, ते सांगतो. रात्रीचे दोन वाजलेत, सेकंड मेटचा बारा ते चारचा वॉच, म्हणजे पहारा, आहे. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, काळोख, कारण आतला उजेड बाहेरचं दिसू देत नाही. तुमच्या उजव्या हाताला दूर एक लाल दिवा दिसतो. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो. म्हणजे ते जहाज तुमच्या उजवीकडून डावीकडे चाललंय. तुम्ही बेअरिंग, म्हणजे त्याची दिशा, घेता. थोड्या वेळाने पुन्हा घेता. तेच! अंतर कमी होतंय आणि दिशा बदलत नाहीये, म्हणजे दोन्ही जहाजं एकाच बिंदूकडे निघाली आहेत. नियम सांगतो, दुसरं जहाज ज्याच्या उजवीकडे आहे, त्याने वाट द्यायची. म्हणजे तुम्ही. आणि वळायचं ते वेळेवर आणि ठळक, पलीकडच्याला त्याच्या काचेतून कळलं पाहिजे. दोन-दोन अंश वळत बसलात तर त्याला काही समजत नाही. आता तो लाल दिवा तुम्हाला हिरवा वाटला असता तर?

सर्टिफिकेटच्या तोंडी परीक्षेत हेच विचारतात. परीक्षक टेबलावर छोटी लाकडी जहाजं मांडतो आणि म्हणतो, ‘हे तुमचं जहाज. बोला.’ टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियम शब्दन् शब्द पाठ असलेली मुलंही इथे गळपटतात, कारण कॅडेट असताना ती ब्रिजच्या खिडकीशी उभीच राहिलेली नसतात. कॅडेटचा दिवस चिपिंग हॅमरने गंज काढण्यात आणि रंग मारण्यात जातो. तक्रार करू नका, पण संध्याकाळी ब्रिजवर जा. ट्रेनिंग रेकॉर्ड बुक रोज भरा. शेवटच्या आठवड्यात सगळ्या सह्या एकदम घेणाऱ्याला परीक्षक दोन प्रश्नांत ओळखतो.

सेकंड मेटची सीओसी, म्हणजे अधिकारीपदाचं पहिलं सर्टिफिकेट, मिळाली की साधारण थर्ड ऑफिसर म्हणून सुरुवात होते, आणि बहुतेक जहाजांवर लाइफबोटी नि आग विझवण्याचं सामान त्याच्या ताब्यात असतं. मग नकाशे आणि मार्ग आखणारा सेकंड, मग माल सांभाळणारा चीफ मेट. एसटीसीडब्ल्यू या जागतिक कराराप्रमाणे चीफ मेटच्या सर्टिफिकेटसाठी वॉच सांभाळणारा अधिकारी म्हणून किमान १२ महिने हवेत. कॅप्टनसाठी ३६, किंवा त्यातले १२ महिने चीफ मेट म्हणून काढले असतील तर २४. हे जगाचं किमान झालं. प्रत्येक देश आपल्याकडून जास्त मागू शकतो. महिने, कोर्स, परीक्षा हा सगळा हिशेब धरला, तर तिशीच्या आसपास कॅप्टन होणं शक्य आहे. मुलींनो, तुम्हालाही. राधिका मेनन २०१५ साली ‘संपूर्ण स्वराज्य’ या टँकरच्या कॅप्टन होत्या. ओडिशाजवळच्या खवळलेल्या समुद्रातून त्यांनी सात मच्छीमार वाचवले, आणि दुसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव जगाला कळलं.

पगाराचा प्रश्न मनात आहेच तुमच्या. कॅडेटला महिना काहीशे डॉलर, टँकरच्या कॅप्टनला पाच आकडी. पण बऱ्याच कंपन्या पगार देतात तो जहाजावरच्या महिन्यांचाच. घरी असताना खिसा रिकामा, परदेशी कंपनीत बहुधा प्रॉव्हिडंट फंडही नाही. आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर परदेशी पगारावरचा कर वाचू शकतो. त्यासाठी सीडीसीवरच्या साइन-ऑन, साइन-ऑफच्या, म्हणजे जहाजावर रुजू झाल्याच्या आणि उतरल्याच्या, तारखा जपून ठेवा. आणि जोखीमही पाहा. २६ मार्च २०२४ ला ‘डाली’ जहाज बाल्टिमोरच्या पुलावर आदळलं. त्यावरचे बहुतेक खलाशी-अधिकारी भारतीय होते. चौकशीपायी त्यांतल्या अनेकांना महिनोन् महिने घरी येता आलं नाही.

शेवटचं, सीओसीची मुदत पाच वर्षं. या पाच वर्षांत १२ महिने, किंवा शेवटच्या सहा महिन्यांत तीन महिने समुद्रावर काढलेले असले की नूतनीकरण सरळ होतं. लग्नानंतर किनाऱ्यावर नोकरी धरणारे नेमके हेच विसरतात. पोर्ट पायलट, सर्व्हेअर, जहाज कंपनीचा सुपरिंटेंडंट, महासंचालनालयातला नॉटिकल सर्व्हेअर (ही जागा यूपीएससीमार्फत भरतात) या चांगल्या नोकऱ्या आहेत, पण त्यातल्या बहुतेकींना वरची सर्टिफिकेट्स लागतात. म्हणून किनाऱ्यावर यायचंच असेल, तर निदान मास्टरची, म्हणजे कॅप्टनची, परीक्षा देऊन या.