सात मिनिटांची संधी

मित्रहो, 20 फेब्रुवारी 1995 रोजी अमेरिकेतील कार्टून नेटवर्क या वाहिनीवर सात मिनिटांचे एक कार्टून दाखवले गेले. समोर येईल त्याचे मांस करून टाकणारा एक केसाळ गुलाबी प्राणी आणि त्याच्याशी झुंजणाऱ्या तीन चिमुरड्या मुली, एवढीच त्याची गोष्ट. ‘व्हॉट अ कार्टून!’ या उपक्रमाची सुरुवात या लघुपटाने झाली. या मुली पुढे ‘द पॉवरपफ गर्ल्स’ म्हणून जगभर घराघरांत पोचल्या; पण आज मला बोलायचे आहे ते पडद्यामागे ज्या पद्धतीने ही कार्टून निवडली आणि घडवली गेली, त्या पद्धतीविषयी.

विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी एमजीएम या हॉलिवूडच्या स्टुडिओत ‘टॉम अँड जेरी’ची निर्मिती केली, त्यासाठी सात ऑस्कर मिळवले आणि 1957मध्ये तिथला कार्टून विभाग बंद झाल्यावर स्वतःचा स्टुडिओ काढला. दूरचित्रवाणीचा पैसा तुटपुंजा असल्यामुळे चित्रांची संख्या कमी करणे भाग होते. त्यांच्या योगी बेअर या कार्टून अस्वलाच्या गळ्यातली कॉलर आठवून पाहा. ती शोभेसाठी नाही. कॉलरच्या खालचे धड तसेच ठेवून फक्त डोके नव्याने काढता यावे, म्हणजे जोड दिसणार नाही, यासाठी ती आहे. ही काटकसर कल्पकच होती, परंतु पुढच्या दशकांत तिची सवय झाली, लेखक पाने लिहून देऊ लागले आणि चित्रकार ती पाने मुकाट्याने रेखाटू लागले. चित्रातून सुचणारा विनोद या व्यवस्थेत मागे पडला.

पुढे कार्टून नेटवर्क सुरू करणाऱ्या टर्नर समूहाने 1991मध्ये हा स्टुडिओ विकत घेतला आणि 1992मध्ये त्याची सूत्रे फ्रेड सायबर्ट यांच्याकडे आली. ते एमटीव्हीच्या घडणीत वाढलेले. कार्टूनचा कारखाना त्यांनी कधी चालवलेला नव्हता. माझ्या मते हे नवखेपणच उपयोगी पडले, कारण त्यांनी अगदी मूळचा प्रश्न विचारला: जुनी, चित्रपटगृहांत दाखवली जाणारी उत्तम कार्टून कशी तयार होत असत? ती सात मिनिटांची असत, प्रत्येक स्वतंत्र असे आणि ती कागदावर लिहिली न जाता रेखाटली जात. मग आपणही तसेच करावे, असे त्यांनी ठरवले.

‘व्हॉट अ कार्टून!’साठी अठ्ठेचाळीस लघुपट, प्रत्येक सात मिनिटांचा, म्हणजे एकूण 336 मिनिटे. अर्ध्या तासाच्या मालिकेचे साधारण पंधरा भाग भरतील एवढेच हे काम आहे. एका मालिकेवर सारा पैसा लावला आणि ती पडली, तर हाती काहीच उरत नाही. त्याच पैशांत अठ्ठेचाळीस लघुपटांना संधी दिली आणि त्यांतली चार-पाच कार्टून जरी लोकांना आवडली, तरी वाहिनीची पुढची अनेक वर्षे निभावतात. हजारो कल्पना आल्या आणि त्यांतून ही निवड झाली.

निवडीची कसोटी पटकथा नव्हती, स्टोरीबोर्ड होता. कल्पना घेऊन येणाऱ्याने आपली चित्रे भिंतीवर ओळीने टाचायची आणि एकेका चित्रापुढे उभे राहून, पात्रांचे आवाज काढत, सगळी गोष्ट करून दाखवायची. अशा वेळी काही लपवता येत नाही. विनोद कुठे रेंगाळतो, कोणते चित्र जास्तीचे आहे, हे सांगणाऱ्याच्या श्वासावरूनच कळते. शिवाय ज्याने चित्रे काढली त्याच्याच हाती पुढचा लघुपट राही. हा निर्णय मला साऱ्या उपक्रमाचा कणा वाटतो.

त्यामुळेच विशीतली मुले पुढे आली. गेंडी टार्टाकॉव्स्की आणि क्रेग मॅक्रॅकन हे कॅलआर्ट्स या कलासंस्थेतले सहाध्यायी होते. ‘डेक्स्टर्स लॅबोरेटरी’चा उगम टार्टाकॉव्स्की यांच्या विद्यार्थिदशेतील लघुपटात आहे, तर मॅक्रॅकन यांनी त्या तीन मुली पहिल्यांदा भावाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छापत्रासाठी नारिंगी कागदाच्या तुकड्यावर काढल्या होत्या. डेक्स्टरची मालिका 1996मध्ये सुरू झाली, पॉवरपफची मात्र नोव्हेंबर 1998मध्ये. आणि मधल्या काळात मॅक्रॅकन आपल्या मित्राच्या मालिकेत राबत होते. जॉन डिलवर्थ यांच्या भित्र्या कुत्र्याच्या लघुपटाला तर ऑस्करचे नामांकन मिळाले, तरी त्यावरची ‘करेज द कावर्डली डॉग’ ही मालिका यायला 1999 उजाडले.

या इतिहासातली मला सर्वांत हृद्य वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. याच अठ्ठेचाळीस जागांसाठी ऐंशी ओलांडलेल्या हॅना आणि बार्बेरा यांनीही नव्याने कार्टून केली. ज्यांच्या नावाचा स्टुडिओ, ते आपल्या नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर त्याच सात मिनिटांच्या चौकटीत काम करत होते, आणि हॅनांचे ‘हार्ड लक डक’ पाहताना त्यांचा हात तेव्हाही किती चपळ होता हे दिसते.

सायबर्ट पुढे निकलोडियन या मुलांच्या वाहिनीकडे गेले आणि 1998मध्ये त्यांनी ‘ओह येह! कार्टून्स’मधून हीच पद्धत तिथे रुजवली. ‘द फेअरली ऑडपॅरेंट्स’ तिथूनच उगवली. नंतरच्या ‘रँडम! कार्टून्स’मध्ये पेंडल्टन वॉर्ड यांचा ‘ॲडव्हेंचर टाइम’ हा लघुपट होता. निकलोडियनने त्याची मालिका करण्यास नकार दिला, आणि 2010मध्ये ती आली कार्टून नेटवर्कवर, त्या तीन मुली जिथे पहिल्यांदा दिसल्या होत्या त्याच वाहिनीवर.