तव्यासमोरचा चेहरा

(पहाट. तळमजल्यावरचं स्वयंपाकघर. दोन तवे, पिठाची परात, भिंतीवर कालनिर्णय.)

डोंबिवली. पहाटेचे साडेपाच. अकराच्या आत इथे दोनशे पोळ्या व्हायच्या आहेत. तव्यासमोर उभी आहे ती माझी आत्या. वय ५१. हे पोळीभाजी केंद्र ती २२ वर्षं चालवते आहे.

तिचे गाल जरा नीट बघा. पटकन काही दिसणार नाही. गोऱ्या चेहऱ्यावर लाली लालच दिसते. सावळ्या चेहऱ्यावर ती तांबूस, तपकिरी, कधी जांभळट दिसते आणि बघणारा म्हणतो, उन्हात रापलीय. तिला रोझेशिया आहे, चेहऱ्यावर लाली आणि आग आणणारा त्वचेचा आजार. या आजाराचे फोटोही वर्षानुवर्षं गोऱ्या चेहऱ्यांचेच छापले गेले. त्यामुळे आपल्याकडे नुसतं बघून भागत नाही, विचारावं लागतं. तोंड तापतं का? पाणी लावलं तरी चुरचुरतं का? आत्याला हे कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही.

(आत्या पदराने कपाळ टिपते.)

सुरुवात झाली ती पाळी अनियमित झाली तेव्हा. छातीतून वर वाफ चढायची आणि दोन मिनिटांत चेहरा घामाने निथळायचा. घरात सगळे म्हणाले, या वयात होतंच. होतं हे खरं. इस्ट्रोजेन हे बायकांच्या शरीरातलं हार्मोन कमी होतं तशी त्वचा कोरडी आणि पातळ होत जाते. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन, म्हणजे तिला घट्ट ठेवणारं प्रथिन, साधारण ३० टक्क्यांनी घटतं. बाहेरचं बाहेर आणि आतलं आत ठेवणारा त्वचेचा पडदा विरळ होतो. काल चालणारा साबण आज झोंबायला लागतो.

पण आत्याची वाफ उतरायची आणि गालांची आग मात्र तशीच राहायची. नाकाच्या दोन्ही बाजूंना, हनुवटीवर बारीक फोड यायचे. डोळे चुरचुरायचे, त्याचं खापर ती कांद्यावर फोडायची.

(ओट्यावर वाटी. डाळीचं पीठ, हळद, अर्धं लिंबू.)

मग घरोघरी होतं तेच झालं. डाळीचं पीठ, हळद, लिंबू. लिंबाचा रस त्वचेच्या मानाने कितीतरी आंबट, आणि अंगाचा साबण उलट्या टोकाला, चांगलाच अल्कधर्मी. आधीच विरळ झालेल्या पडद्यावर एकदा हे, एकदा ते. वर पीठ चोळून काढायचं. मुरुमं समजून तिने वाफही घेतली. सगळं मायेनंच सुचवलेलं होतं, आणि त्या चेहऱ्याला त्यातलं एकही सोसणारं नव्हतं.

शेवटी नाक्यावरच्या मेडिकलमधून एक ट्यूब आली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. तीन दिवसांत चेहरा निवळला. रंगही उजळला, असं शेजारणी म्हणाल्या.

इथे मला थांबायचं आहे, कारण माझा राग इथे आहे.

त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. स्टेरॉइड रक्तवाहिन्या आकसवतं, म्हणून लाली झटक्यात जाते. महिनोन् महिने लावलं की त्वचा पातळ होते, शिरा जाळीसारख्या दिसू लागतात, फोड येतात, गालांवर लव वाढते. बंद करायला जावं तर चेहरा पेटतो. पेटला की माणूस पुन्हा तीच ट्यूब लावतो. आत्या या फेऱ्यात १४ महिने होती. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी असलेल्या यादीत घातली. यादी कागदावर आहे. आत्याच्या हातात ट्यूब त्यानंतर आली.

(दवाखाना. डॉक्टरांचे हात, काचपट्टी.)

त्वचारोगतज्ज्ञांनी आधी गालावर काचपट्टी दाबली. तांबूसपणा निघून गेला, पट्टी उचलताच परत आला. म्हणजे रंग त्वचेत मुरलेला नव्हता, फुललेल्या रक्तवाहिन्यांचा होता. मग त्यांनी नाकाच्या कडेपासून ओठांकडे उतरणाऱ्या घड्या पाहिल्या. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते त्या आजारात, गालांवर फुलपाखरासारखी लाली येते, पण या घड्या सहसा मोकळ्या राहतात. सांधे दुखतात का, तोंड येतं का, केस गळतात का, हेही विचारलं. आणि निदान सांगितलं: रोझेशिया, त्यावर स्टेरॉइडची भर.

रोझेशिया बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत डोकं वर काढतो. तो कुणाचा कुणाला लागत नाही आणि अस्वच्छतेमुळेही होत नाही. आत्या दिवसातून पाच वेळा तोंड धूत होती ती याच समजुतीने. डोळ्यांची चुरचुरही त्याचीच निघाली; कांदा बिचारा निर्दोष होता.

ट्यूब डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद झाली. पहिले काही आठवडे फार वाईट गेले. ती डबे द्यायला दाराशी यायची नाही. औषध म्हणून मेट्रोनिडाझोलचं जेल मिळालं. कुणाला ॲझेलिक ॲसिड देतात, कुणाला आयव्हरमेक्टिनचं मलम, फोड जास्त असतील तर कमी मात्रेत डॉक्सिसायक्लिन. उतार दिसायला दीड-दोन महिने लागतात. मुळासकट जाणारा हा आजार नाही, तो ताब्यात ठेवायचा असतो.

(कालनिर्णय जवळून. दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीच्या खुणा.)

बाकीचं काम या भिंतीवर झालं. कुठल्या दिवशी तोंड तापलं, त्याआधी काय झालं, हे आत्या दुधाच्या हिशेबाशेजारी लिहीत गेली. मला वाटलं होतं तिखट निघेल. तिखटाच्या खुणा थोड्याच होत्या. खरा दोषी निघाला कढत चहा, दुपारचं ऊन आणि तवा. प्रत्येकीची यादी वेगळी असते, म्हणून दुसरीची पथ्यं उसनी घेऊन उपयोग नसतो.

तवा सोडता येत नाही, त्यावर घर चालतं. मग ओट्याशी एक्झॉस्ट पंखा बसवला. अर्ध्या तासाने ती आणि मदतीची मुलगी जागा बदलतात, भाजणारी लाटायला बसते. मानेवर ओला पंचा. चहा बशीत ओतून, निवल्यावर. तोंड दोनदाच धुवायचं, साबणाशिवायच्या सौम्य क्लेन्झरने, कोमट पाण्यात, आणि टिपायचं, पुसायचं नाही. त्वचा ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. बाहेर पडताना झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ते पांढरट दिसतं, पण झोंबत नाही. नवीन काहीही आधी कानामागे थोडंसं, चार-पाच दिवस. फेशियल, ब्लीच, स्क्रब बंद.

(दुपार. शेवटचा डबा बांधला जातो.)

मागच्या महिन्यात मदतीच्या मुलीच्या पिशवीतून एक ट्यूब खाली पडली. आत्याने ती उचलली, चष्मा लावला आणि खिडकीपाशी जाऊन बारीक अक्षरं एकेक करून वाचली. बे-टा-मे-था-सोन. म्हणजे स्टेरॉइडच.

"कधीपासून लावतेस गं?" तिने विचारलं. आणि गॅस बंद करून तिच्यासमोर पाट ओढून बसली.