पावती कोणाच्या नावाने?

श्रोतेहो, नमस्कार.

कोणत्याही राजकीय पक्षाशी बांधलेल्या नसलेल्या, आपापल्या वस्तीतील पाणी, कचरा, पदपथ, नालेसफाई आणि मैदाने यांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या ज्या नागरिक संघटना मुंबईत आहेत, त्यांच्या कार्यकारी मंडळावर विनामोबदला काम करणाऱ्या माणसांविषयी आज मी बोलणार आहे. मुलुंड पूर्वेतील अशाच एका नागरिक मंडळाचा मी 12 वर्षे सचिव होतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सदस्य मिळून आम्ही 11 जण होतो. त्यांत नोकरदार होते, गृहिणी होत्या, निवृत्त माणसे होती आणि एक वर्तमानपत्रविक्रेतेही होते.

ही परंपरा मुंबईला नवी नाही. 26 ऑगस्ट 1852 रोजी जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉम्बे असोसिएशन स्थापन केली, तेव्हापासून या शहरातील नागरिक एकत्र बसून, अर्ज लिहून, सह्या करून सत्तेपुढे आपले म्हणणे मांडत आले आहेत. आपल्या आठवणीतील काळात घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी गल्लीतील कचऱ्याची व्यवस्था स्वतः हाती घेतली, आणि 1997 पासून महापालिकेने त्याच धर्तीवर एएलएम म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापनाची योजना राबवली. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर अनेक वस्त्यांमधील माणसे नाल्यांचे नकाशे मागू लागली. त्याच वर्षी माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू झाल्यामुळे 10 रुपयांच्या अर्जावर ते मागण्याची सोयही झाली. आणि मार्च 2022 मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपून कारभार दीर्घ काळ प्रशासकाच्या हाती राहिला, तेव्हा 227 प्रभागांपैकी एकाही प्रभागाला नगरसेवक नव्हता. त्या काळात विभाग कार्यालयाच्या पायऱ्या चढणारी माणसे बहुतेक वेळा अशा मंडळांचीच होती.

या माणसांकडे वेळ हवा, चिकाटी हवी, हे आपण जाणताच. मला आज त्यापेक्षा वेगळी गोष्ट सांगायची आहे. अशा मंडळावर बसणाऱ्या माणसाचा निःपक्षपातीपणा त्याच्या मनात असून पुरत नाही, तो वहीत दिसावा लागतो. पुन्हा सांगतो, तो वहीत दिसावा लागतो. हे मला आमच्या खजिनदारांनी शिकवले.

त्या निवृत्त शिक्षिका होत्या. वस्तीतील दोन पिढ्या त्यांच्याकडे गणित शिकलेल्या असल्यामुळे सगळे त्यांना बाई म्हणत, आणि मीही आज त्यांचा उल्लेख बाई असाच करणार आहे.

2017 सालचा जानेवारी महिना होता. महापालिकेची निवडणूक 21 फेब्रुवारीला व्हायची होती. प्रभागातील सर्व उमेदवारांना एकाच व्यासपीठावर बोलवावे आणि रहिवाशांनी त्यांना समोरासमोर प्रश्न विचारावेत, असा विषय आम्ही मासिक सभेपुढे ठेवला होता. विषय पुकारताच बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या भावाच्या मुलाचं नाव एका पक्षाकडून चर्चेत आहे. यादी अजून लागलेली नाही. पण या कार्यक्रमाचे प्रश्न ठरवण्यात, वेळ मोजण्यात किंवा सूत्रसंचालनात मी असणार नाही. हिशोब तेवढा मी बघीन. हे इतिवृत्तात लिहून घ्या.”

अध्यक्ष त्यांना म्हणाले, “बाई, तुमच्याबद्दल इथे कोणाला शंका आहे का?”

त्यावर बाईंनी दिलेले उत्तर मी तेव्हाच वहीच्या समासात लिहून ठेवले होते. त्या म्हणाल्या, “शंका नाही म्हणूनच आज लिहून घ्या. शंका आल्यानंतर लिहिलेलं कोणी मानत नाही.”

मी ते लिहून घेतले. तारीख घातली, बाईंची सही घेतली आणि सभा पुढे चालू झाली.

फेब्रुवारीत अर्ज मागे घेण्याची मुदत संपली आणि 7 उमेदवार उरले. त्यांत बाईंचा भाचा होता. घरगुती पोळीभाजीचे डबे पुरवणाऱ्या एक अपक्ष बाईही होत्या. मंडप, खुर्च्या आणि व्यासपीठ यांसाठी मंडपवाल्याने 22 हजार रुपयांचा अंदाज दिला आणि आमच्या बँक खात्यात 6,412 रुपये होते. दोन दिवसांतच एका उमेदवाराचे एक कार्यकर्ते माझ्या घरी आले. माणूस सज्जन होता, गणेशोत्सवात पदराला खार लावून राबणारा होता. ते म्हणाले, “सर, मंडपाचं आमच्याकडे सोडा. आमचं नाव कुठेही लावू नका. वस्तीचंच काम आहे.”

श्रोतेहो, मी प्रामाणिकपणे सांगतो, मला तो प्रस्ताव चांगला वाटला होता. नाव लावायचे नाही म्हणजे प्रचार नाही आणि प्रचार नाही म्हणजे दोष नाही, असा माझा समज होता. तातडीची सभा बोलावली. 11 पैकी 9 जण आले, आणि त्यांपैकी पाच जणांना तरी माझ्यासारखेच वाटत होते.

बाईंनी सर्वांचे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “नाव नको म्हणतात, म्हणजे पावतीही नको म्हणतात. मग हे 22 हजार मी रोजकीर्दीत कोणाच्या नावाने लिहू?”

कोणीच काही बोलले नाही. उमेदवाराला आपल्या निवडणूक खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्याने दिलेला मंडप त्याच्या हिशोबात नाही आणि आमच्याही हिशोबात नाही, अशी स्थिती झाली असती. मंडप तर सगळ्यांच्या डोक्यावर असता आणि दोन्ही वह्यांत मात्र तो कुठेच नसता.

मग आमच्या एका ज्येष्ठ सदस्यांनी मधला मार्ग सुचवला, आणि तो वरवर न्याय्य होता. सातही उमेदवारांकडून सारखी रक्कम घ्यावी, म्हणजे प्रत्येकी सुमारे 3 हजार, आणि सर्वांना रीतसर पावती द्यावी. बाईंनी यावर बराच विचार केला. मग म्हणाल्या, “त्या डबेवाल्या बाईंना 3 हजार जड आहेत. त्यांच्याकडून मागितले तर त्या येणार नाहीत. त्यांना माफ केले तर त्या आपल्या उपकाराखाली येतील आणि बाकीचे सहा म्हणतील, आम्ही भाडं भरून बसलोय. सारखी रक्कम सगळ्यांना सारखी नसते.”

इतकी वर्षे झाली तरी हे वाक्य मला सोडत नाही. सारखी रक्कम सगळ्यांना सारखी नसते. निःपक्षपातीपणा म्हणजे सगळ्यांना एकाच मापाने मोजणे, असे आपण सहज म्हणून जातो. पण ते माप कोणाला पेलते आणि कोणाला पेलत नाही, हे पाहण्याची जबाबदारी कार्यकारी मंडळावर बसलेल्या माणसाची असते.

“मग करायचं काय?” अध्यक्षांनी विचारले.

“फेब्रुवारीत पाऊस पडत नाही,” बाई म्हणाल्या. “सभा संध्याकाळी आहे. मंडप कशासाठी हवा आहे?”

मंडप कशासाठी हवा आहे, हा प्रश्न तोवर आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. सभा म्हटली की मंडप, हे आम्ही गृहीत धरले होते. उरला प्रश्न खुर्च्यांचा. गृहनिर्माण सोसायट्यांकडे खुर्च्या असतात, पण निवडणुकीच्या दिवसांत त्या द्यायच्या तर प्रत्येक सोसायटीच्या कमिटीला ठराव करावा लागला असता, आणि तेवढे दिवस हाताशी नव्हते. शेवटी ठरले की ज्याने त्याने आपल्या घरातून खुर्ची आणावी. तसा ठराव झाला. सूचक बाई, अनुमोदक मी.

सभेच्या दिवशी दुपारी चारपासून एका इमारतीच्या आवारात माणसे खुर्च्या घेऊन येऊ लागली. प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, लोखंडी घडीच्या होत्या, जेवणाच्या टेबलाच्या होत्या, स्टुले होती, आणि एका आजोबांची वेताची आरामखुर्ची त्यांच्या नातवाने डोक्यावर धरून आणली होती. बाई प्रवेशद्वाराशी वही घेऊन बसल्या. इमारतीचे नाव आणि खोली क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्या प्रत्येक खुर्चीच्या खाली चिकटवत आणि वहीत नोंद करत. मंडपाचा प्रस्ताव घेऊन माझ्या घरी आलेले ते कार्यकर्ते पाचच्या सुमारास आले, तेव्हा त्यांच्या हातांत तीन खुर्च्या होत्या. बाईंनी त्या तिन्हींना चिठ्ठ्या लावल्या आणि त्यांच्या खोली क्रमांकापुढे तीन असा आकडा लिहिला. त्या संध्याकाळी एकूण 163 खुर्च्या जमल्या.

बोलण्याचा क्रम आठवीतील एका मुलीने स्टीलच्या डब्यातून चिठ्ठ्या काढून ठरवला. प्रत्येकाला पाच मिनिटे होती, त्यानंतर प्रश्न. बाईंचा भाचा चौथा आला. तो बोलून झाल्यावर मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले आणि त्यांनी उमेदवाराला नव्हे, मंडळाला प्रश्न विचारला: “यांच्या आत्या तुमच्या खजिनदार आहेत. मग हे मंडळ निःपक्षपाती आहे असं आम्ही कसं मानायचं?”

आवारात कुजबुज सुरू झाली. मला वाटले, आता सभा हातची जाणार. अध्यक्षांनी माझ्याकडे हात केला. मी पिशवीतून इतिवृत्ताची वही काढून दिली, आणि त्यांनी जानेवारीच्या सभेतील नोंद तारखेसह, सहीसह वाचून दाखवली. पक्षाची यादी लागण्याच्या आधीची ती तारीख होती. बाई त्या वेळी सर्वांत मागे, भिंतीलगतच्या एका स्टुलावर हिशोबाची वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. गृहस्थांनी मागे वळून त्यांच्याकडे पाहिले, मग म्हणाले, “ठीक आहे. मग माझा प्रश्न नाल्याबद्दल आहे,” आणि सभा पुढे दीड तास चालली.

त्या निवडणुकीत कोण निवडून आले, हे मी मुद्दाम सांगत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर हिशोब लागला होता. ध्वनिक्षेपक 1,500, झेरॉक्स 310, चहा 860. एकूण 2,670 रुपये.

मंडळावर काम करणाऱ्यांसाठी, किंवा करू इच्छिणाऱ्यांसाठी, आता थोडक्यात काही गोष्टी सांगतो. आपल्याकडे अशी संस्था सहसा 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली असते. कार्यकारी मंडळ बदलले की 90 दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे या बदलाचा अहवाल, दाखल करावा लागतो. अनेक मंडळे येथेच चुकतात. नवे लोक कामाला लागतात आणि कागदावर मात्र 10 वर्षांपूर्वीची, त्यांतील काही तर दिवंगत झालेली नावे राहतात. मग बँक नव्या सह्या स्वीकारत नाही आणि विभाग कार्यालय विचारते की आपण कोण. निवडून आलात तर पहिल्या महिन्यात चेंज रिपोर्ट. पुन्हा सांगतो, पहिल्या महिन्यात चेंज रिपोर्ट.

दुसरे म्हणजे, कोणत्याही पक्षाचा पदाधिकारी संस्थेचा साधारण सदस्य जरूर असावा, पण कार्यकारी मंडळावर नसावा, असा नियम संस्थेच्या घटनेत लिहून ठेवावा. मतदान कोणाला करावे हा त्या सदस्याचा स्वतःचा प्रश्न आहे. संस्थेचा फलक कोणाच्या प्रचारफेरीत जाऊ नये, एवढेच मंडळाने पाहायचे असते.

येथे माझे एक आग्रही मत सांगतो. हल्ली व्हॉट्सअॅपच्या गटावर अंगठे मोजून निर्णय घेण्याची रीत पडली आहे, आणि ती मला घातक वाटते. अंगठ्याला तारीख असते, पण चर्चा नसते. त्या तातडीच्या सभेऐवजी मी गटावर विचारले असते, तर मंडपाचा प्रस्ताव दहा मिनिटांत मंजूर झाला असता. मंडळाच्या सभा समोरासमोर व्हाव्यात, वेळेवर सुरू व्हाव्यात, आणि इतिवृत्त त्याच आठवड्यात लिहून पुढच्या सभेत वाचून कायम व्हावे. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांवरचा खर्चही मला पटत नाही. त्या रकमेत कितीतरी माहिती अर्ज करता येतात.

बाईंनी दोन मुदती पूर्ण झाल्यावर तिसऱ्या वेळी उमेदवारी घेतली नाही. त्यांच्या जागी 26 वर्षांची एक तरुणी आली, आणि बाई पुढे चार महिने दर शनिवारी तिच्या शेजारी बसून तिला व्हाउचर कसे लावायचे ते दाखवत राहिल्या.

त्या रात्री सभा संपल्यावर आम्ही चिठ्ठ्या पाहून खुर्च्या घरोघरी पोहोचवल्या. 163 पैकी 161 गेल्या. दोन खुर्च्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या, आणि फलकावर दोनदा सूचना लावूनही त्यांचे मालक आले नाहीत. त्या दोन खुर्च्या आजही मंडळाच्या कार्यालयात आहेत. मालमत्तेच्या रजिस्टरमध्ये त्यांच्यापुढे बाईंच्या अक्षरात लिहिले आहे, ‘मंडळाच्या नाहीत, परत देणे बाकी’, आणि दर वर्षी 31 मार्चला नवी खजिनदार त्या मोजून त्या नोंदीखाली सही करते.

नमस्कार.