गाऱ्हाण्यांच्या वह्या

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना बाबासाहेब आंबेडकरांनी श्रोत्यांना थेट फ्रान्सला नेलं. या सभेच्या तोडीची दुसरी सभा शोधायची तर फ्रान्सच्या इतिहासात जावं लागेल, अशा आशयाचं ते बोलले आणि त्यासाठी त्यांनी एक तारीख सांगितली: २४ जानेवारी १७८९. ते भाषण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी या तारखेपाशीच अडखळलो. शाळेपासून आपल्याला पाठ असते ती १४ जुलै, बॅस्टिल पडल्याची. मग ही जानेवारीतली तारीख कुठली? त्या दिवशी तर फ्रान्समध्ये एक दगडही भिरकावला गेला नव्हता. सोळाव्या लुईनं त्या दिवशी एक हुकूमनामा काढला होता, एवढंच. पण तो हुकूमनामा वाचला आणि बाबासाहेबांची नजर कुठे गेली होती ते मला समजलं. आज मी बोलणार आहे ते त्या कागदाबद्दल आणि त्यातून पुढे जे घडलं त्याबद्दल.

राजानं त्यात म्हटलं होतं की राज्याच्या अगदी टोकाला, कुणाला माहीतही नसलेल्या वस्तीत राहणाऱ्या माणसालासुद्धा खात्री वाटली पाहिजे, की आपली इच्छा आणि आपली तक्रार राजापर्यंत पोचेल. त्यासाठी गावोगाव सभा भरवायच्या, गाऱ्हाणी लिहून काढायची, प्रतिनिधी निवडायचे आणि हे सगळं पॅरिसजवळ व्हर्सायला, राजाच्या दरबाराच्या गावी, भरणाऱ्या इस्टेट्स जनरलपर्यंत न्यायचं. इस्टेट्स जनरल म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि बाकीची सगळी प्रजा अशा तीन वर्गांच्या प्रतिनिधींची सभा. ही सभा त्याआधी भरली होती १६१४ मध्ये. म्हणजे पावणेदोनशे वर्षं राजानं कुणाला काही विचारलंच नव्हतं.

मग आताच का विचारलं? तर तिजोरीत खडखडाट होता म्हणून. ब्रिटनला धडा शिकवण्यासाठी फ्रान्सनं अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हात सैल सोडून खर्च केला. एक अब्ज लीव्रच्या (लीव्र हे तेव्हाचं फ्रेंच चलन) वर गेलेला हा पैसा कर वाढवून उभा केला नव्हता, तो कर्जाचा होता. १७८८ च्या हिशेबात एकूण खर्च सुमारे ६३ कोटी लीव्र आहे आणि त्यातले जवळपास ३२ कोटी नुसते कर्ज फेडण्यात जाताहेत. दरबाराचा, म्हणजे राजवाडा, राणी, मेजवान्या यांचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास आहे. राणीच्या दागिन्यांनी फ्रान्स बुडाला हे आपण फार ऐकतो. मला ते पटत नाही. दागिने लोकांच्या डोळ्यांवर आले हे खरं, पण राज्य बुडालं ते व्याजात.

कर वाढवायचा तर कुणावर? सरदार आणि धर्मगुरू मुख्य करांतून सुटलेले. कॅलोन या अर्थमंत्र्यानं १७८७ मध्ये निवडक बड्या मंडळींना बोलावून सर्वांच्या जमिनीवर सारखा कर बसवण्याची योजना मांडली. त्यांनी ती उडवून लावली. पॅरिसच्या उच्च न्यायपीठानंही नव्या करांना हरकत घेतली आणि असा कर मंजूर करण्याचा अधिकार फक्त इस्टेट्स जनरलला आहे असं सांगितलं. म्हणजे राजाच्या दारावर पहिली धडक मारली ती वरच्याच थरानं, स्वतःची सूट राखण्यासाठी.

इथे आपल्याकडचा एक धागा सांगतो. ८ ऑगस्ट १७८८ रोजी राजानं इस्टेट्स जनरल भरवण्याचं जाहीर केलं. दोनच दिवसांनी, १० ऑगस्टला, व्हर्सायच्या दरबारात टिपू सुलतानाचे तीन वकील हजर झाले. आदल्याच वर्षी मराठ्यांशी गजेंद्रगडचा तह करून टिपू मोकळा झाला होता आणि त्याला इंग्रजांविरुद्ध फ्रेंच फौज हवी होती. वकिलांचं स्वागत थाटात झालं, चित्रकारांनी त्यांची चित्रं काढली, पण फौज काही मिळाली नाही. मिळणार कुठून? १६ ऑगस्टला फ्रान्सच्या सरकारी खजिन्यानं देणी थांबवली. आठ दिवसांच्या अंतरात घडलेल्या या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की त्या दरबारातल्या झुंबरांचा उजेड वेगळाच दिसायला लागतो.

वर निसर्गही उलटला. १३ जुलै १७८८ ला उभ्या पिकावर गारांचं वादळ कोसळलं. पाठोपाठ आला तो नद्या गोठवणारा हिवाळा. पॅरिसमध्ये चार पौंडांचा पाव, म्हणजे आपल्या हिशेबानं जेमतेम दोन किलोचा, एरवी आठ-नऊ सूला (वीस सूंचा एक लीव्र) मिळायचा. फेब्रुवारी १७८९ मध्ये तो साडेचौदा सूवर गेला. साध्या मजुराला दिवसाला वीस ते तीस सू मिळत. एका पावात निम्मी मजुरी संपली, तर भाडं, सरपण आणि पोरांचे कपडे यांना उरलं काय?

अशा हिवाळ्यात तो हुकूमनामा गावोगाव पोचला. पाद्री तो प्रार्थनेनंतर वाचून दाखवी. मग पंचवीस वर्षांवरचे, करदात्यांच्या यादीत नाव असलेले पुरुष बहुधा चर्चमध्येच जमत. एखादा वकील किंवा गावचा लेखनिक लिहायला बसे, लोक बोलत, आणि शेवटी ज्यांना सही येई ते सही करत. अशा चाळीस हजारांच्या वर वह्या त्या वसंतात लिहिल्या गेल्या. सगळ्याच अस्सल होत्या असं नाही. शहरातल्या वकिलांनी तयार केलेले नमुने फिरत होते आणि कित्येक गावांनी ते जसेच्या तसे उतरवले. पण नमुना उतरवून झाल्यावर खाली दोन-चार ओळी गावाच्या स्वतःच्या येतात. मला त्या ओळींचं मोल फार वाटतं.

त्यात कबुतरं येतात. अनेक प्रांतांत कबुतरखाना बांधण्याचा हक्क फक्त जमीनमालक सरदाराला होता. त्याची कबुतरं पेरलेले दाणे टिपून जात आणि शेतकऱ्याला त्यांना मारायची बंदी. शिकारीचा हक्कही सरदाराचाच, म्हणून सशांनी कोवळं पीक खाल्लं तरी हात बांधलेले. दळण सरदाराच्याच गिरणीत दळायचं, भाकर त्याच्याच भट्टीत भाजायची आणि दोन्हीकडे मोजून द्यायचं. मिठावर कर होता आणि काही प्रांतांत आठ वर्षांवरच्या प्रत्येक माणसामागे ठरलेलं मीठ सरकारकडून विकत घ्यायची सक्ती होती. शेजारच्या प्रांतात तेच मीठ कितीतरी स्वस्त. गावकऱ्याला तत्त्वज्ञ माहीत नसतील, पण शेजारच्या मिठाचा भाव त्याला नेमका माहीत होता.

राजा नको असं या वह्या म्हणत नाहीत. तो आमचा बाप आहे, भला आहे, त्याच्या कानावर घातलं की सगळं नीट होईल, असाच सूर आहे. आपल्याकडे ‘मायबाप सरकार’ म्हणून अर्ज लिहीत, तसाच. आणि म्हणून मी त्यांना गाऱ्हाण्यांच्या वह्या म्हणतो. गाऱ्हाणं माणूस कुणापुढे घालतो? ऐकेल अशी खात्री असते त्याच्याचपुढे. कोकणात देवापुढे घालतात. पण त्यात एक धोका असतो. मनातली खदखद एकदा दहाजणांसमोर लिहून, वाचून, सही करून झाली की ती दैव राहत नाही, मागणी होते. मागणी केलेला माणूस उत्तराची वाट पाहतो.

५ मे १७८९ रोजी व्हर्सायला सभा भरली, आणि अर्थमंत्री नेकर तीन तास आकडेमोड सांगत राहिला. मध्येच त्याचा आवाज बसला, म्हणून उरलेलं भाषण दुसऱ्यानं वाचलं. वह्यांचं नाव नाही. मतं माणशी मोजायची की वर्गवार, हेही ठरवलं नाही. वर्गवार मोजली तर सरदार आणि धर्मगुरू मिळून कायम दोनास एक. तिसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी सहा आठवडे अडून बसले, १७ जूनला त्यांनी स्वतःला राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केलं, आणि २० जूनला सभागृहाला कुलूप दिसल्यावर जवळच्या टेनिस खेळायच्या दालनात शपथ घेतली, की राज्यघटना दिल्याशिवाय पांगणार नाही. सह्या झाल्या. एकानं नकार दिला, मार्तां दोश त्याचं नाव. त्याचाही नकार नोंदवून ठेवला गेला, ही गोष्ट मला त्या शपथेइतकीच मोठी वाटते.

बॅस्टिलची कथा तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. राजानं पॅरिसभोवती फौज आणली, ११ जुलैला नेकरला काढलं, लोकांनी बंदुका मिळवल्या आणि दारूगोळ्यासाठी ते किल्ल्यावर गेले. आत कैदी होते सातच. किल्ला घेणाऱ्यांची यादी पुढे सरकारनं केली, तीत सुतार, कुलूपवाले, चांभार अशा हातानं काम करणाऱ्यांची नावं भरलेली आहेत.

खेड्यांत मात्र जे घडलं ते आपल्या विषयाच्या गाभ्याचं आहे. जुलैच्या उत्तरार्धात, सरदारांनी लुटारू सोडलेत अशा अफवेनं गावंच्या गावं हत्यारं घेऊन बाहेर पडली आणि गढ्यांवर गेली. तिथे त्यांनी मागितली दप्तरं. कुणाच्या शेताकडून कोणतं देणं येणं याच्या नोंदी असलेल्या वह्या. त्या अंगणात आणून जाळल्या. काही महिन्यांपूर्वी ज्यांनी आपली वही लिहिली, त्यांनी आता सरदाराची वही जाळली. घाबरलेल्या राष्ट्रीय सभेनं ४ ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाल्याचं जाहीर केलं खरं, पण त्यातली बरीच देणी शेतकऱ्यानं पैसे मोजून सोडवून घ्यायची होती. ती विनामोबदला सुटायला जुलै १७९३ उजाडलं. एका रात्रीत सरंजामशाही गेली असं पुस्तकं सांगतात. शेतकऱ्याची ती रात्र चार वर्षं चालली.

५ ऑक्टोबर १७८९. सकाळी पावाच्या दुकानांत पाव नाही. बाजारातल्या हजारो बाया भर पावसात पॅरिसहून व्हर्सायला पायी निघाल्या, सुमारे वीस किलोमीटर. त्यांच्यातल्या काहींना राजापुढे नेलं. बोलायला पुढे केलेली लुईझॉन शाब्री ही सतरा वर्षांची मुलगी राजासमोर जाऊन घेरी येऊन पडली. राजानं तिला धीर दिला, धान्य पाठवतो म्हणाला. ती आनंदानं बाहेर आली तर बाया तिच्यावर धावून गेल्या. लेखी कुठाय? फितूर झालीस का? तिला परत आत जावं लागलं, राजाच्या सहीचा कागद आणावा लागला. फ्रेंच राज्यक्रांतीतला हा क्षण मला सगळ्यांत जास्त हलवतो. मायबापावरचा विश्वास कुठल्या तत्त्वज्ञानानं नाही, त्या दारात, त्या पावसात संपला. दुसऱ्या दिवशी राजा-राणीला घेऊनच बाया पॅरिसला परतल्या.

पुढची दीड-दोन वर्षं राजा पॅरिसमधल्या तुइलरी राजवाड्यात बसून एकेका कायद्यावर सही करत होता आणि मनातून एकही मानत नव्हता. २० जून १७९१ च्या रात्री वेषांतर करून तो कुटुंबासह सरहद्दीकडे निघाला आणि जाताना स्वतःच्या हातानं लिहिलेलं निवेदन मागे ठेवून गेला. आजवर सह्या केल्या त्या दबावाखाली, असं त्यात आहे. शिवाय तुइलरीत पुरेशा सोयी नव्हत्या, वर्षाला मिळणारे अडीच कोटी लीव्र अपुरे पडतात, अशा तक्रारीही आहेत. ही राजाची गाऱ्हाण्यांची वही! कबुतरांची आणि मिठाची वही लिहिणाऱ्या लोकांनी ती वाचली. व्हारेन गावात तो पकडला गेला. परत आणताना पॅरिसमध्ये दुतर्फा गर्दी होती, पण कुणी टोपी काढली नाही.

तरी लोकांनी पुन्हा कागदच हाती घेतला. १७ जुलैला शाँ द मार्सच्या मैदानावर राजाविरुद्धच्या अर्जावर सह्या घ्यायला लोक जमले. लिहिता न येणाऱ्यांनी फुल्या मारल्या. त्या जमावावर राष्ट्रीय रक्षक दलानं गोळ्या झाडल्या. हे दल क्रांतीतूनच जन्मलं होतं, हे विसरू नका. त्यानंतर युद्ध आलं, परकी फौजा आल्या. १० ऑगस्ट १७९२ ला तुइलरीवर हल्ला होऊन राजेशाही कोसळली आणि २१ सप्टेंबरला ती कायद्यानं संपली.

राजाला कुलपं बनवण्याचा नाद होता. त्याला तो शिकवणारा गामँ नावाचा कारागीर होता आणि त्याच्याकडूनच राजानं तुइलरीच्या भिंतीत लोखंडी चोरकप्पा करून घेतला होता. नोव्हेंबर १७९२ मध्ये गामँनं जाऊन तो दाखवून दिला. आत राजाचा गुप्त पत्रव्यवहार सापडला. ११ डिसेंबरला खटल्यात ते कागद एकेक करून राजापुढे ठेवले गेले. तुमचे आहेत का? मी ओळखत नाही, असंच तो बहुतेक वेळा म्हणाला, स्वतःच्या अक्षरालासुद्धा. सभेत ३८७ विरुद्ध ३३४ मतांनी मृत्युदंड ठरला. २१ जानेवारी १७९३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. त्या हुकूमनाम्याला चार वर्षं पुरी व्हायला तीन दिवस कमी होते.

राजा गेला तिथे कथा संपवता आली असती, पण ते खरं बोलणं होणार नाही. ऑलिम्प द गूज या लेखिकेनं १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता आणि राजाच्या खटल्यात त्याची बाजू मांडायची तयारीही दाखवली होती. १७९३ च्या उन्हाळ्यात तिनं एक भित्तिपत्रक छापून घेतलं. देशाला कोणतं सरकार हवं, एकसंध प्रजासत्ताक, संघराज्य की राजेशाही, हे लोकांनाच विचारा, तीन पेट्या ठेवा आणि मतं घ्या, एवढीच तिची मागणी होती. पत्रक भिंतींवर लागायच्या आधीच तिला पकडलं. ऑक्टोबरअखेर स्त्रियांच्या सगळ्या मंडळांवर बंदी आली. ३ नोव्हेंबरला तिला गिलोटिनवर चढवलं, लोकांना विचारा असं लिहिलं म्हणून.