ऑस्कर भलत्याच चित्रपटाला : ‘मेक वे फॉर टुमॉरो’ची गोष्ट

पडद्यावर न्यू यॉर्कमधल्या एका घराच्या दिवाणखान्यात ब्रिज या पत्त्यांच्या खेळाचा वर्ग भरला आहे. घरची सून अनिता ही शिकवणी घेऊन संसाराला हातभार लावते आणि सासूबाई ल्यूसी नेमक्या त्याच खोलीत, करकरणाऱ्या झुलत्या खुर्चीत येऊन बसल्या आहेत. खुर्चीच्या प्रत्येक आवाजासरशी खेळणाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटते आणि प्रेक्षकालाही वाटू लागते की, म्हातारीने आता आत जावे. तेवढ्यात फोन येतो. दूरच्या गावी मुलीकडे राहत असलेल्या नवऱ्याशी ल्यूसी मोठमोठ्याने बोलू लागते, कारण फोनवर ओरडल्याशिवाय पलीकडे ऐकू जात नाही अशी तिची समजूत आहे. थंडीत जपून राहा, असे ती त्याला बजावते आणि या फोनला लागलेल्या पैशांत चांगला जाड मफलर आला असता, असेही सांगते. मघाशी वैतागलेली मंडळी आता हातातल्या पत्त्यांकडे पाहत गप्प बसलेली असतात.

‘मेक वे फॉर टुमॉरो’ हा हॉलिवूडमधल्या पॅरामाउंट स्टुडिओचा कृष्णधवल चित्रपट १९३७ साली प्रदर्शित झाला. त्याचा दिग्दर्शक लिओ मॅकेरी हा विनोदी चित्रपटांत मुरलेला माणूस होता. लॉरेल आणि हार्डी यांच्या लघुपटांपासून मार्क्स बंधूंच्या ‘डक सूप’पर्यंतचे काम त्याच्या खात्यावर जमा होते. जोसेफिन लॉरेन्स यांच्या कादंबरीवर बेतलेली ही कथा मात्र महामंदीतल्या एका वृद्ध जोडप्याची आहे. बार्कली कूपरला काही वर्षांपासून काम नाही, राहते घर बँकेच्या ताब्यात जाते आणि पाच मुलांपैकी एकालाही आईवडिलांना एकत्र ठेवून घेणे जमत नाही, म्हणून पन्नास वर्षांच्या संसारानंतर नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे अशी वाटणी होते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ मध्ये संमत झाला असला, तरी दरमहा निवृत्तिवेतन हातात पडायला १९४० साल उजाडले, हे लक्षात घेतले म्हणजे मुलांच्या दारी जाण्यावाचून या दोघांना दुसरी वाट का नव्हती, ते कळते.

या चित्रपटात खलनायक नाही, आणि त्याचे खरे बळ तिथेच आहे. मुले स्वार्थी आहेत, पण राक्षस नाहीत. म्हातारी प्रेमळ आहे, पण तिचा त्रासही खराच आहे. ल्यूसीची भूमिका करणारी ब्यूला बॉन्डी तेव्हा पन्नाशीच्या आतली होती आणि तिच्या मुलाची, जॉर्जची, भूमिका करणारा थॉमस मिचेल तिच्याहून जेमतेम काही वर्षांनी लहान होता, यावर पडद्याकडे पाहताना विश्वास बसत नाही. आईला वृद्धाश्रमात ठेवायचे ठरले आहे, हे तिला कसे सांगावे म्हणून जॉर्ज शब्द जुळवत असतो. ल्यूसीला त्याआधीच सगळे उमगलेले असते. त्याच्यावर ते सांगण्याची वेळ येऊ नये म्हणून, आपल्यालाच तिथे राहायला जावेसे वाटते, असे ती सांगून टाकते, आणि नवऱ्याला यातले काही कळू द्यायचे नाही, एवढेच मागते.

शेवटच्या दुपारी बार्कली कॅलिफोर्नियाला निघण्यापूर्वी दोघे न्यू यॉर्कमध्ये फिरतात आणि मधुचंद्राला उतरले होते त्या हॉटेलात जातात. दोघे नाचायला उभे राहतात न राहतात तोच वाद्यवृंद रुंबा या चपळ नाचाची धून सुरू करतो. त्यांचा गोंधळ हेरून वाद्यवृंदाचा प्रमुख ती धून थांबवतो आणि जुन्या संथ वॉल्ट्झची धून वाजवायला लावतो. परक्या माणसांनी दाखवलेली ही अदब पाहताना घरी जेवायला वाट पाहत बसलेल्या मुलांची आठवण होतेच. मॅकेरी त्यावर वेगळे भाष्य करत नाही.

शेवट गोड करावा, असा आग्रह पॅरामाउंटचे प्रमुख अडॉल्फ झुकर यांनी धरल्याचे सांगितले जाते. मॅकेरी बधला नाही. चित्रपट तिकीटबारीवर पडला आणि पॅरामाउंटशी त्याचे नाते संपले. त्याच वर्षी कोलंबिया या दुसऱ्या स्टुडिओसाठी केलेल्या ‘द ऑफुल ट्रुथ’ या विनोदी चित्रपटाबद्दल दिग्दर्शनाचे ऑस्कर स्वीकारताना, तुम्ही ते भलत्याच चित्रपटासाठी दिलेत, असे त्याने ऐकवले. पुढे कितीतरी वर्षे या चित्रपटाचे नाव जाणकारांपुरतेच राहिले. दगडालाही रडू फोडील असा चित्रपट, असे दिग्दर्शक ऑर्सन वेल्स त्याच्याविषयी म्हणत. मुलांकडे आलेल्या वृद्ध आईवडिलांचीच गोष्ट सांगणाऱ्या, जपानी दिग्दर्शक ओझू यांच्या ‘टोक्यो स्टोरी’चे सहलेखक कोगो नोडा यांनीही तो पाहिलेला होता. २०१० मध्ये अभिजात चित्रपट प्रसिद्ध करणाऱ्या क्रायटेरियन कंपनीने त्याची डीव्हीडी काढली आणि त्याच वर्षी जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

मराठी प्रेक्षकाला ही कथा ओळखीची वाटेल, कारण राजा परांजपे यांच्या १९५४ सालच्या ‘ऊन-पाऊस’चे मूळ याच चित्रपटात असल्याचे सांगितले जाते, आणि २००३ च्या ‘बागबान’चीही चौकट हीच आहे. फरक आहे तो शेवटात. ‘बागबान’मधले वडील पुस्तक लिहून नाव आणि पैसा मिळवतात, भर सभेत मुलांना खडे बोल सुनावतात आणि नवरा-बायको पुन्हा एकत्र नांदू लागतात. झुकर यांना हवा होता तसला गोड शेवट या कथेला ६६ वर्षांनी मुंबईत मिळाला, आणि तो चित्रपट चालला.